दोन घरांची माणसं, एक गळकं घर: दुरुस्ती कुठून सुरू करावी

आमचं घर रत्नागिरीला लागून, नाचणे गावाच्या बाजूला. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, बरीच वर्षं कुलूप लागलेलं. राहणारे आम्ही दोघं, माझा मुलगा, यांच्या दोन मुली आणि सासूबाई. असं घर कुणी दुरुस्तीला काढणार असेल, तर पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत गवंड्याला बोलावूच नका.

जून ते सप्टेंबर इथे ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत जोराची सर आली की बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि ओल्या वाशावर खडूने खूण करा. थेंब पडतो त्याच्या बरोब्बर वर फुटकं कौल सहसा नसतं. पाणी वाशावरून घसरत येतं, म्हणून आढ्याच्या दिशेने शोधत जा.

भिंतीची ओल खालून चढतेय की वरून उतरतेय, तेही तेव्हाच बघा. खालून असेल तर बहुतेक वेळा अंगणात वर्षानुवर्षं भर पडून जोतं, म्हणजे घराचा चौथरा, बुजलेलं असतं. माती उकरून जोतं मोकळं करा, उतार घरापासून लांब काढा, पागोळ्यांखाली चर खणा. जांभ्यावर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर तो फोडा. चिरा पाणी पितो तसं सोडतोही, पण सिमेंट ते आत कोंडतं. दिवाळीनंतर गिलावा उतरवला तर होळीपर्यंत भिंत छान सुकते. मग चुन्याने दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरून घ्या. किनाऱ्यावरची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातल्या मिठाने भिंतीला पांढरा फुलोरा येतो आणि सळ्या गंजतात.

वासे हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा. भिंतीत गेलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं, आणि वाळवीही तिथूनच शिरते. नवी कौलं आणण्याआधी जुन्याच्या पाठीवरचा कारखान्याचा शिक्का बघून घ्या. साचे वेगवेगळे असतात, खाचा जुळल्या नाहीत तर कितीही शाकारणी करा, म्हणजे कौलं पुन्हा पुन्हा नीट लावा, गळणारच.

कौलं उतरवताना मुलांना कामाला लावा. वर नाही, खाली, साखळीत. आमच्याकडे माझा मुलगा आणि थोरली एकमेकांशी कामापुरतंही बोलत नव्हती. पण कौल हातातून हातात द्यायचं तर विचारावंच लागतं. "धरलंस?" "धरलं, सोड." दुपारपर्यंत तिने त्याला भिजवलेला काथ्या दिला आणि शेवाळ कसं घासायचं ते दाखवलं. शेजारी बसवून समजावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं ठाम मत आहे.

खोल्यांची वाटणी भिंती पाडण्याआधी करा. 'कुठली खोली हवी' असं मुलांना विचारलं की भांडण ठरलेलं. 'तुझी कुठली वस्तू घरात आलीच पाहिजे' असं विचारा. थोरली म्हणाली, "आईचं कपाट. खोली कुठलीही चालेल." ते सागवानी कपाट आधी मापलं, मगच सुताराला चौकटीचं माप दिलं. दोन्हीकडचे देव सासूबाईंनी एकाच देव्हाऱ्यात मांडले, त्यात मी पडले नाही.

कागदांकडे दुर्लक्ष नको. ग्रामपंचायतीतला नमुना ८ (घरपट्टीचा उतारा) आणि सातबारा यांवर कुणाकुणाची नावं आहेत ते पैसे घालण्याआधी पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलगा सावत्र वडिलांचा आपोआप वारस होत नाही. दत्तक घेतला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करून ठेवा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. आम्ही मुलांना सगळं समोर बसवून सांगितलं, धाकटीलासुद्धा.

रंगाची घाई करू नका. एक पावसाळा जाऊ द्या, खडूच्या जुन्या खुणांपाशी पुन्हा बॅटरी मारून बघा, आणि भिंती कोरड्या राहिल्या तरच दिवाळीला चुन्याचा हात फिरवा.