पुरानंतर वाकळ शिवून पोरांच्या शिक्षणाचा खर्च कसा काढायचा

पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो, वह्या-दप्तरं नवीकोरी असतात आणि नेमकी तीच भिजतात. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीच्या शिरोळ-वाळवा पट्ट्यात कुणाला वेगळं सांगायला नको. पण याच भागात घरोघरी वाकळ (पुण्याकडचे गोधडी म्हणतात) शिवता येणाऱ्या बायका आहेत, आणि शहरातली माणसं हाताने शिवलेल्या गोधडीला चांगले पैसे देतात. चार-पाच जणींनी मिळून हे कसं करायचं ते सांगते.

आधी खर्चाचा कागद करा

सुई हातात घ्यायच्या आधी कुठल्या पोराला काय लागणार ते लिहून काढा, आणि त्यातलं जे फुकट मिळतं ते खोडा. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत असतात, भिजली तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. आणि 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. हे सगळं वजा करून उरतं ते नववीपासून पुढची पुस्तकं, क्लास, होस्टेल, मेस, मुलांची कॉलेज फी. तो आकडा आला की तेवढ्यासाठीच शिवायचं, उगाच "शिक्षणासाठी मदत" असं मोघम बोललं की गिऱ्हाईक पण विचारतं, नक्की कशाला?

कापड

पुरात भिजलेल्या साड्या वापराव्यात का? केरळात 2018 च्या पुरात चेंदमंगलमच्या विणकरांचा ओणमसाठी तयार केलेला हातमागाचा माल चिखलात गेला, तेव्हा तिथे त्या साड्या क्लोरीन टाकून धुऊन, उकळून त्याच्या छोट्या बाहुल्या केल्या, चेक्कुट्टी नावाच्या. बाहुली 25 रुपयांना, एका साडीत 360 बाहुल्या, म्हणजे 9000 रुपये, आणि डाग तसेच ठेवले कारण डाग हीच त्यांची ओळख होती. भारी डोकं लावलं त्यांनी! पण बाहुली पर्सला लटकते, वाकळ अंगावर घ्यायची असते, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पुराचं कापड पांघरुणात नको. त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं सगळं असतं, बुरशीचा वास तर धुऊनही राहतो. फारच जीव असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, उकळून, कडक उन्हात वाळवून त्याच्या पिशव्या करा (ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका, विषारी गॅस होतो).

वाकळीला लोकांकडून वापरलेल्या सुती साड्या, जुनी लुगडी मागा, आणि वरच्या थराला इचलकरंजीतून कटपीस आणा, जवळच आहे आणि स्वस्त पडतं. सिंथेटिक साडी आत घालू नका, धावदोरा सरकतो आणि धुतल्यावर आतला थर गोळा होतो.

काय शिवायचं

मोठी वाकळ दोन-अडीच किलोची होते, कुरियरला जड जाते आणि शिवायला हात पण फार वेळ अडकतो. म्हणून सुरुवात बाळाच्या दुपट्यापासून करा. बारशाला, डोहाळजेवणाला द्यायला लोक हौसेने घेतात. शिवायची पद्धत आपलीच ठेवा, कडेने सुरू करून चौकोनात फिरत फिरत मधे येतो तो धावदोरा, टाके शक्यतो एकसारखे, आणि गाठ थरांच्या आत लपवायची, बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. मशीनने झटपट मारलेली दुपटी तर बाजारात ढिगाने आहेत, त्यांच्याशी भावात आपला निभाव लागणार नाही.

भाव

इथेच बायका मार खातात, कारण स्वतःचा वेळ धरतच नाहीत. समजा दुपट्याला कापड 120, दोरा 40, पॅकिंग 30 आणि दहा तास काम 50 रुपये तासाने 500, झाले 690. वर पोरांच्या खर्चासाठी 110, भाव 800. कुरियर वेगळं. शिवणारीची मजुरी आधी तिच्या हातात, पोरांच्या खर्चाच्या डब्यात फक्त ते 110, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर ठरवा नाहीतर दिवाळीपर्यंत भांडणं ठरलेली. कुणी "पूरग्रस्तांचं ना, मग स्वस्त द्या" म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

विकायचं कुठे

पुराची बातमी टीव्हीवर असते तोवर लोक दयेने घेतात, नंतर विसरतात. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगावं असा माल हवा. ऑगस्टमध्ये पाणी ओसरलं की दिवाळीपर्यंत दोन-अडीच महिने मिळतात, तेवढ्यात माल तयार ठेवा. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांचे सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा सगळ्यात सोपा बाजार. बचत गट उमेद या सरकारी अभियानात असेल तर महालक्ष्मी सरस प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी तालुक्याच्या ऑफिसात विचारा, पुण्याच्या भीमथडी जत्रेचं पण बघा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना एकेक पीस पाठवू नका, तिकडून कुणी सुट्टीला आलं की बॅगेतून जाऊ द्या.

वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन साइटवर पण ऑक्टोबर 2023 पासून तसं चालतं, फक्त पॅन देऊन जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर काढावा लागतो.

फोटो दुपट्याचा काढा, दिवसा, अंगणात, टाका दिसेल असा जवळून. पोरांचे रडवेले फोटो टाकून विकू नका, उद्या ते पोरगं कॉलेजात जाईल आणि तो फोटो तिथेही फिरत असेल. आणि पोरांना शिवायला पण बसवू नका, शाळेसाठी चाललंय ना हे सगळं?

पैसे

क्यूआर कोड गटाच्या खात्याचा हवा, कुणा एकीच्या नवऱ्याच्या फोनचा नको. महिन्याला एकदा वही उघडून किती विकलं, मजुरी किती गेली, डब्यात किती पडलं हे मोठ्याने वाचायचं. फी शक्यतो थेट शाळा-कॉलेजात भरा आणि पावतीचा फोटो, पोराचं नाव झाकून, गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाका. ज्यांची पोरं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी पोस्टात आरडी काढता येते, महिना 100 रुपयांपासून.

मे संपत आला की उरलेला माल मोजा आणि विकला जात नसेल तर थोडा भाव उतरवून मोकळे व्हा. जूनपासून कापड, दोरा, वही, पोरांच्या मार्कशीट सगळं प्लास्टिकमध्ये बांधून उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवा, पाणी पातळीचे मेसेज यायला लागल्यावर धावपळ करून काही होत नाही, तेव्हा आधी जनावरं बाहेर काढावी लागतात.