घरी बीपी मोजताय? मग या चुका टाळा

घरात बीपीचं मशीन आलं की पहिले दोन दिवस प्रत्येक जण हात पुढे करतो, मग कुणाचं तरी १५२ येतं, लगेच परत लावलं तर १३८, तिसऱ्यांदा १४५, आणि सगळ्यांचं एकमत होतं की मशीन बिघडलंय. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. एकतर बीपी मुळातच मिनिटामिनिटाला बदलत असतं, त्यात हात कुठे ठेवला होता, कफ म्हणजे दंडाला बांधायचा हवेचा पट्टा कसा गुंडाळला होता, मोजताना कुणाशी बोलणं चालू होतं का, एवढ्यावरून दहा-पंधराचा फरक सहज पडतो. आणि हा फरक किरकोळ नाहीये हो, गोळी सुरू करायची का, डोस वाढवायचा का, हे बरेचदा एवढ्याच फरकावर ठरतं. चुकीच्या आकड्यावर कुणाला नको असलेली गोळी चालू होते आणि ज्याला खरंच गरज आहे तो मात्र "माझं नॉर्मल येतं" म्हणत बसतो, म्हणून जरा डिटेलमध्ये लिहितेय.

मशीन निवडताना

दंडावर कफ लावायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. मनगटावरचं लहान असतं, बॅगेत मावतं, बाही वर करायला लागत नाही, म्हणून लोकांना आवडतं, पण मनगट बरोब्बर हृदयाच्या लेव्हलला धरावं लागतं आणि ते दर वेळी सारखं जमत नाही, मनगट थोडं वाकलं तरी आकडा हलतो. दंड इतका जाड असेल की कुठलाच कफ बसत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून मनगटावरचं घेणं समजू शकते. बोटात घालायच्या मशीनच्या नादी लागूच नका.

फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि बीपी बघा म्हणणारी ॲप्स तर अजिबात नको. २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या जर्नलमध्ये अशाच एका लोकप्रिय ॲपची तपासणी छापून आली होती, ज्यांचं बीपी खरंच हाय होतं अशा दर पाचातल्या जवळजवळ चौघांना ते ॲप नॉर्मलच्या रेंजमध्ये दाखवत होतं. ज्याला उपचार हवेत त्यालाच निश्चिंत करणारं साधन जवळ असण्यापेक्षा काहीच नसलेलं परवडलं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. दुकानात मशीन विकायची परवानगी असणं वेगळं आणि ते अचूक आहे हे माणसांवर मोजून सिद्ध झालेलं असणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला क्लिनिकली व्हॅलिडेटेड म्हणतात. आयएसओ ८१०६०-२ या स्टँडर्डप्रमाणे साधारणपणे निदान ८५ जणांवर मशीनचं रीडिंग आणि ट्रेनिंग घेतलेल्या माणसांनी स्टेथोस्कोप लावून घेतलेलं रीडिंग ताडून बघतात. अशा मशीनच्या याद्या इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, स्ट्राइड बीपी आणि अमेरिकेतली व्हॅलिडेट बीपी या त्यातल्या माहितीतल्या. तिथे कंपनीचं नाव बघून थांबू नका, मॉडेल नंबर जुळवा, कारण एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि दुसरं नसतं. घरात कुणी गरोदर असेल तर त्या मॉडेलची गरोदरपणासाठी वेगळी तपासणी झालीय का तेही बघा.

ब्लूटूथ, रंगीत स्क्रीन वगैरे माझ्या मते नंतरच्या गोष्टी. दोन माणसांची वेगळी मेमरी आणि ॲव्हरेज काढायची सोय मात्र खरंच उपयोगी पडते, आणि नजर अधू असेल तर मोठे आकडे किंवा बोलणारं मशीन.

कफचा साइज, इथेच सगळ्यात जास्त गडबड होते

ही चूक फार जुनी आहे. इटलीच्या डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला कफ बांधून बीपी मोजायची पद्धत आणली तेव्हा त्यांचा कफ जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद होता आणि त्यामुळे बीपी जास्त दिसायचं, १९०१ मध्ये जर्मन डॉक्टर फॉन रेकलिंगहाउझेन यांनी हे लक्षात आणून दिलं आणि कफ रुंद झाला. कारण साधं आहे, कफ छोटा असेल तर आतली धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि मशीन तो जास्तीचा दाब तुमच्या नावावर लिहितं. कफ फार मोठा असेल तर उलटं, बीपी कमी दिसतं.

किती फरक पडतो? २०२३ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्येच अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या टीमचा अभ्यास आला. ज्यांना एक्स्ट्रा लार्ज कफ लागतो त्यांना रेग्युलर लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. म्हणजे १२५ वाला माणूस १४४ चा पेशंट होऊन बसतो! लार्ज लागणाऱ्यांना रेग्युलर लावला तर जवळपास ५ ने जास्त, आणि ज्यांना स्मॉल लागतो त्यांना रेग्युलर लावला तर साडेतीनच्या आसपास कमी.

त्यामुळे मशीन घ्यायच्या आधी टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा, आणि कफवर छापलेल्या रेंजमध्ये तो बसतो का बघा. बऱ्याच मशीनसोबत २२ ते ३२ सेंटीमीटरचा कफ येतो, काहींसोबत २२ ते ४२ चा. तुमचा घेर ३४ असेल आणि कफ ३२ पर्यंतचाच असेल तर "बसतोय ना कसातरी" म्हणून चालवू नका, त्याच कंपनीचा त्याच मॉडेलला चालणारा मोठा कफ वेगळा मागवा. दुसऱ्या कंपनीचा कफ नळीला बसला तरी वापरू नका, मशीनचं गणित त्याच्या स्वतःच्या कफवर बेतलेलं असतं. आणि घरात एक जण बारीक आणि एक जण जाड असेल तर एकच कफ दोघांना चालेलच असं नाही.

हात लटकत ठेवणं, मांडीवर ठेवणं

घरगुती मशीनमध्ये स्टेथोस्कोप नसतो, कफमधली हवा हळूहळू सोडताना नाडीच्या ठोक्यांनी जी बारीक थरथर होते ती मशीन पकडतं आणि त्यावरून गणित करून वरचं-खालचं काढतं. म्हणून हात हलला, मूठ आवळली, मध्येच बोललात की थरथर बिघडते आणि गणितही.

हात हृदयापेक्षा खाली असेल तर रक्ताच्या वजनाचा दाब त्यात मिसळतो, दर १० सेंटीमीटरला साधारण ७-८ चा फरक. २०२४ मध्ये याच जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी हे नीट मोजून दाखवलं, टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवर ठेवलेल्या हातात वरचं बीपी सरासरी ३.९ ने जास्त आणि बाजूला लटकत सोडलेल्या हातात ६.५ ने जास्त आलं. तेव्हा टेबलाजवळ बसा, टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या, कफचा मधला भाग छातीच्या मध्याच्या लेव्हलला आला पाहिजे आणि हात पूर्ण सैल सोडलेला, स्वतःच्या ताकदीने उचलून धरलेला नको.

कफ उघड्या दंडावर, स्वेटरवरून नाही. घट्ट बाही वर गोळा करून ठेवली तर ती दोरीसारखी आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा. कफची खालची कड कोपराच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, त्याच्यावरची खूण आतल्या बाजूला धमनीवर, आणि कफखाली एक-दोन बोटं सरकतील इतपतच घट्ट.

मोजण्याच्या आधीचा अर्धा तास

जिना चढून आलात आणि लगेच बसून मोजलंत, तर तो आकडा जिन्याचा आहे. अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन या, भरलेल्या ब्लॅडरने बीपी चांगलंच वाढतं. मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं नुसतं बसायचं, आणि ही पाच मिनिटं फोनवर भांडणं वाचण्यात घालवली तर ती विश्रांती नव्हे. पायावर पाय टाकला तरी बीपी वाढतं, आणि शेजारी बसलेला माणूस "किती आलं, किती आलं" विचारतोय आणि तुम्ही उत्तर देताय तेही चालत नाही.

एकच रीडिंग धरून बसणं

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. एक आकडा म्हणजे तुमचं बीपी नव्हे, नीट मोजलेल्या बऱ्याच आकड्यांची सरासरी म्हणजे तुमचं बीपी. एका वेळी दोन रीडिंग घ्या, मध्ये निदान एक मिनिट जाऊ द्या, सकाळी गोळी आणि नाश्ता यांच्या आधी आणि संध्याकाळी, असं निदान ३ दिवस, जमलं तर ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. आणि सगळे आकडे दाखवा हं, जास्त आलेले गाळून चांगले तेवढेच वहीत लिहायचे असं खूप जण करतात, मशीनची मेमरी त्यासाठीच असते, ती डॉक्टरांसमोर उघडा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर ती बहुतेक ठिकाणी हाय धरतात, अमेरिकन गाइडलाइनमध्ये हाच आकडा १३०/८० आहे.

दिवसातून दहादा मोजणं ही याची दुसरी बाजू, आकडा बघून घाबरायचं, घाबरल्यामुळे पुढचा अजून वाढतो. असं होत असेल तर ठरलेल्या वेळा सोडून मशीन कपाटात ठेवा. आणि आकडे चांगले येतायत म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, ते बरेचदा त्या गोळीमुळेच चांगले येत असतात.

सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतं तोच कायम वापरा, आणि वरच्या बीपीत १० पेक्षा जास्त फरक परत परत दिसला तर डॉक्टरांना सांगा. डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला (शीर आणि धमनीची जोडणी) असेल तर त्या हातावर कफ लावायचा नाही, ब्रेस्टच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताबद्दल आधी विचारून घ्या.

मशीन एरर दाखवतंय किंवा भलतंच सांगतंय

सतत एरर येत असेल तर आधी बॅटरी बदला, सगळ्या एकदम, जुन्या-नव्या मिसळून नाही. मग नळी मशीनमध्ये पूर्ण आत गेलीय का, कुठे दुमडलीय का, कफला चीर पडलीय का बघा. हवा भरून अर्ध्यात थांबते आणि परत भरते, हे बहुतेक वेळा हात हलला किंवा कफ सैल आहे म्हणून. वेलक्रो टिकत नसेल तर नवीन कफ घ्या.

मशीन अनियमित ठोक्यांचं चिन्ह दाखवतंय, एकदा आलं तर शांत बसून परत मोजा, हललात तरी ते येतं. वारंवार यायला लागलं तर मशीनला दोष देऊ नका, डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. ठोके खरंच अनियमित असतील तर बीपीचे आकडेही दर वेळी जास्त वरखाली होतात, तेव्हा तीन रीडिंग घ्यायला लागतात.

घरी १२८ आणि क्लिनिकमध्ये १४८ असं येत असेल तर दोन्ही खरे असू शकतात, डॉक्टरांसमोर अनेकांचं बीपी वाढतं. याच्या उलटही होतं, क्लिनिकमध्ये नॉर्मल आणि घरी जास्त, आणि ते जास्त धोक्याचं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. खात्री करायची तर मशीन आणि कफ दोन्ही घेऊन जा, तिथल्या मशीनशी एकाच हातावर, थोड्या थोड्या वेळाने आलटून पालटून ताडून बघा, आणि तुम्ही कफ कसा लावता तेही त्यांना बघू द्या. वर्षातून एकदा असं करणं चांगलं, मशीन खाली पडलं असेल तर लगेच.

आणि १८०/१२० च्या वर आलं तर? छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला त्रास, प्रचंड डोकं दुखणं यातलं काहीही असेल तर परत मोजत बसू नका, लगेच इमर्जन्सीला फोन करा. यातलं काहीच नसेल तर शांत बसा, काही मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, आणि तोपर्यंत घरात पडलेली दुसऱ्या कुणाची बीपीची गोळी घेऊ नका.