कॅमेऱ्याआधी तरणतलाव: ठाणेकरांची पाण्याखालची फोटोग्राफी

ठाण्याच्या खाडीत कॅमेरा बुडवलात तर फोटोत गाळाशिवाय काही येणार नाही. खाडी फ्लेमिंगो बघायला ठेवा. पाण्याखालच्या फोटोंचा सराव मात्र ठाण्यातच सुरू करता येतो, तोही घरातल्या फिशटँकपासून.

खोलीतले दिवे बंद करा, टाकीचा तेवढा चालू ठेवा. लेन्स काचेला टेकवली की काचेत तुमचंच तोंड उमटत नाही. मासा ठरलेल्या वाटेने फेऱ्या मारतो. त्या वाटेवर फोकस लावून थांबा आणि डोळा धारदार आला की बटण दाबा.

पुढचा टप्पा तरणतलाव. तिथे कॅमेरा चालतो का ते आधी विचारा आणि इतर पोहणाऱ्यांचे फोटो काढू नका. तळाशी एखादं रंगीत खेळणं टाका आणि हातपाय न झाडता त्याच्यासमोर तरंगत राहा. हे जमेपर्यंत मालवणचं तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत.

कॅमेरा? गोप्रो १० मीटरपर्यंत तसाच चालतो, पण छोट्या जीवांसाठी ऑलिंपस टफ टीजी-६ बरा: १५ मीटर झेपतो आणि अगदी जवळचंही टिपतो. डीएसएलआरच्या हौसिंगचा, म्हणजे कॅमेरा ठेवायच्या जलरोधक पेटीचा, खर्च कॅमेऱ्याच्या वर जाऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीला ते नकोच. हौसिंग असेल तर पहिल्यांदा आत फक्त टिश्यू पेपर ठेवून बुडवा. झाकणाच्या रबरी रिंगवर एक केस राहिला तरी पाणी शिरतं. माझा पहिला कॅमेरा असाच गेला.

मग ठाण्याहून कोकणकन्या पकडा, कुडाळला उतरा, तिथून मालवण. पावसाळा सोडून जा. पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्याला प्रशिक्षक धरून फिरवतो, फ्रेम तुमच्या हातात राहत नाही. म्हणून आधी स्नॉर्केलिंग करा, म्हणजे तोंडात नळी धरून पृष्ठभागावरच तरंगा. पाव टाकून जमवलेल्या माशांचा फोटो सगळ्यांकडेच असतो. खडकाच्या कडेला शांत तरंगा, बुजलेले मासे हळूहळू परत येतात.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच लाल मासा राखाडी दिसायला लागतो. त्यामुळे झूम विसरा, हाताच्या अंतरावर जा. पाण्यात चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर भासते, म्हणून ‘पुरे’ वाटलं तरी थोडं आणखी पुढे सरका. वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ येते; माशाच्या पातळीला किंवा किंचित खाली या. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलंत तर रंग नंतर सावरता येतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर पाण्यातले कण बर्फासारखे चमकतात. आणि प्रवाळावर पाय नको, हातही नको.

मुक्कामाच्या खोलीवर आल्यावर कॅमेरा न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा, आतच सगळी बटणं दाबा, म्हणजे अडकलेलं मीठ सुटतं. कार्ड काढायची घाई होतेच. पण केस बांधा, हात पुसा, मगच झाकण उघडा.