ट्रॅप लावायला निघण्याआधी

रानातले उंदीर आणि चिचुंद्र्या जिवंत धरायच्या, मोजायच्या आणि परत सोडायच्या, एवढंच आपलं काम. आधी परवानगीच्या पत्राच्या तीन झेरॉक्स काढा: एक चेकनाक्यावर द्यायला, एक सॅकमध्ये, एक गाडीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. अभयारण्यात साधा उंदीर धरायचा म्हटलं तरी नागपुरातल्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी मंजुरी लागते. ‘उंदीर धरायला आलोय’ म्हटल्यावर नाक्यावरचा गार्ड हसतो, पण पत्र मागतोच.

कोयनेच्या जंगलात आम्ही ॲल्युमिनियमचे घडीचे शर्मन ट्रॅप लावतो, म्हणजे आतल्या पट्टीवर पाय पडला की दार बंद होणारे डबे. पाच ओळी, ओळीत पाच, दहा-दहा मीटरवर, एकूण पंचवीस. आदल्या दिवशी प्रत्येक ट्रॅप उघडून आतली पट्टी बोटाने दाबून बघा. रानातला लहान उंदीर जेमतेम दहा ग्रॅमचा भरतो. पट्टी जड असली की तो आत येतो, खातो आणि निवांत निघून जातो. दोन ट्रॅप जास्तीचे असू द्यात, एखादं दार वाकलेलं निघतंच.

सुतळी घ्याच. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा एक रानउंदीर आपल्याकडे आहे, रॅटस साताराए. मार्टिन हिंटनने १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि पुढे बरीच वर्षं तो काळ्या उंदराची उपजात म्हणून गणला गेला. शेपूट अंगापेक्षा लांब, वावर झाडावर. म्हणून चार-पाच ट्रॅप अंजनी-जांभळाच्या आडव्या फांद्यांना बांधायचे.

आमिषाला शेंगदाण्याचा जाडसर कूट, थोडं बाजरीचं पीठ, भाजलेल्या खोबऱ्याचे तुकडे. चिचुंद्रीसाठी चिमूटभर सुका जवळा. दिसायला उंदरासारखी असली तरी ती किडेमकोडे खाणारी. गूळ मात्र घालू नका. पहिल्या वर्षी गोळा नीट बांधला जावा म्हणून मी घातला होता, आणि सकाळी सात ट्रॅप मुंग्यांनी काळे झाले होते. त्या सातांत काही अडकलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

ट्रॅपमध्ये उबेसाठी घालायच्या कापसावर मी फार बोलतो, पोरं कंटाळतात. डिसेंबरात पहाटे धातूच्या डब्याला हात लावून बघा, मग कळेल. मेडिकलमधला कापूस दव पितो आणि ओला गोळा होऊन कोपऱ्यात बसतो. गादीवाल्याकडचा कच्चा कापूस आणा, ट्रॅपला मूठभर. वरून पालापाचोळ्याचं पांघरूण, आत पाण्याऐवजी काकडीची चकती. संध्याकाळी पाचला लावायचे, रात्री दहाला एक फेरी, उजाडताच दुसरी, आणि दिवसभर दारं बंद. रात्रीची फेरी चिचुंद्रीसाठी. तिला सतत खायला लागतं, उपाशी राहिली तर सकाळी मेलेली सापडते. ती फेरी झेपणार नसेल तर ट्रॅप लावूच नका. बॅटरीत नवे सेल, गाठीला दुसरी बॅटरी, आणि सोबत गावातला वाटाड्या. या रानात गवे आहेत, अस्वलंही.

मोजमापाला कापडी पिशव्या, स्प्रिंगचा काटा, स्टीलची पट्टी, छोटी कात्री. रिकाम्या पिशव्यांची वजनं आधीच वहीत लिहून ठेवा. पेन नको, पेन्सिल. शाई दवाने पसरते. ट्रॅपच्या दाराला पिशवीचं तोंड घट्ट लावून जनावर आत उतरवायचं, मग कापडावरूनच मान चिमटीत धरायची. शेपटीच्या टोकाला धरलंत तर कातडी सोलून तुमच्या हातात येईल. वजन, धड, शेपूट, मागचं पाऊल, कान. मांडीवरचे केस जरासे कातरले की खूण झाली. जिथे सापडलं तिथेच सोडायचं, झाडावरचं झाडावर.

स्वतःसाठी हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गमबूट. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. गवतात बसायचं नाही. स्क्रब टायफसचा ताप पसरवणाऱ्या बारीक किड्या तिथे असतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा काखेत-जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखा काळा व्रण दिसला, तर डॉक्टरांना ‘जंगलात होतो’ हे आपणहून सांगा. न सांगितल्यास साध्या तापाच्या गोळ्यांवर घरी पाठवतात.

परतताना ट्रॅप मोजा, दोघांनी वेगवेगळे. चोवीस भरले तर गाडी सुरू करायची नाही. उघडा राहिलेला ट्रॅप आपण गेल्यावरही धरतोच. प्रत्येक जागी झाडाला रंगीत रिबीन बांधली असेल तर शोधायला अर्धा तास पुरतो. मुक्कामी आल्यावर ट्रॅप ब्लीचच्या पाण्याने धुवून अंगणात उन्हात उलटे मांडा, कोंबड्या आवरा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.