बीटल्सची ती गिटार नेमकी कुठली? माग कसा काढावा

‘बीटल्स कुठल्या गिटारी वाजवायचे?’ हा प्रश्न घेऊन बसलात तर आयुष्य पुरणार नाही. प्रश्न लहान करा. उदाहरणार्थ, ३० जानेवारी १९६९ ला लंडनमध्ये गच्चीवर वाजवताना जॉन लेननच्या हातात काय होतं? एक दिवस, एक माणूस, एक वाद्य. उत्तर : एपिफोन कंपनीची ‘कॅसिनो’ गिटार. आता तीच गिटार मागे मागे शोधत जायची.

आधी फोटो, तेही तारखेचे

ज्या फोटोची तारीख आणि जागा पक्की आहे तेवढेच घ्या. पहिल्यांदा फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघा. बीटल्सच्या बाबतीत ही तपासणी सोपी आहे. पॉल मॅकार्टनी डावखुरा. तो उजव्या हाताने वाजवताना दिसला, तर फोटो उलटाच समजा.

मग पिकअप (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी पट्ट्या) किती आणि कुठे, पुलामागे (बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजमागे) तारा कशाला अडकवल्या आहेत, बटणं किती, हेडस्टॉकचा (मानेच्या वरच्या टोकाचा) आकार कसा, हे टिपा. पॉलचे दोन हॉफनर कंपनीचे बेस (खर्जाच्या गिटारी) लांबून जुळे भाऊ वाटतात. पण १९६१ च्या बेसवर दोन्ही पिकअप मानेकडे जवळजवळ खेटून आहेत, तर १९६३ च्या बेसवर एक मानेजवळ आणि दुसरा पुलाकडे. एवढं कळलं की निम्मे घोळ मिटतात.

रंगावर जाऊ नका

इथे बहुतेक जण फसतात. लेननची कॅसिनो १९६६ मध्ये सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) होती. १९६८ मध्ये रंग खरवडून तिचं लाकूड उघडं केलं. जॉर्ज हॅरिसनची फिकट निळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर १९६७ मध्ये त्याने स्वतः भडक रंगांनी रंगवली. त्याची लाल गिब्सन लेस पॉल, लाडाचं नाव ‘लूसी’, मुळात सोनेरी होती.

म्हणून सहसा न बदलणारी खूण धरा. जॉन, पॉल आणि जॉर्ज तिघांकडे कॅसिनो होत्या, पण जॉर्ज आणि पॉलच्या गिटारींवर सूर हलवणारा बिग्सबीचा दांडा दिसतो, जॉनच्या गिटारीवर तारा अडकवायचा साधा ट्रॅपीझ टेलपीस. पॉलची १९६२ ची. तिचा हेडस्टॉकही बाकी दोघांपेक्षा वेगळ्या घाटाचा.

नंबर वाचा, पण जपून

पन्नाशीच्या दशकातल्या सॉलिड (भरीव) बॉडीच्या गिब्सनवर हेडस्टॉकच्या मागे शाईने नंबर असतो आणि त्याचा पहिला आकडा वर्षाचा. लूसीचा नंबर ७-८७८९, म्हणजे १९५७. साठीच्या दशकात मात्र गिब्सनने तेच ते नंबर पुन्हा वापरले, त्यामुळे नुसत्या नंबरावरून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फेंडरच्या नेक-प्लेटवरचा (मान बॉडीला जोडणाऱ्या पट्टीवरचा) नंबरही अंदाजापुरताच. मानेच्या बॉडीकडच्या टोकाला पेन्सिलीने किंवा शिक्क्याने टाकलेली तारीख जास्त कामाची.

व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवरही (बटणाखालच्या विजेच्या भागावरही) कोड असतो. समजा, १३७ ६२४३ असं छापलंय : १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढे १९६२ सालचा ४३ वा आठवडा. पॉट मूळचा असेल, तर गिटार त्याआधीची असू शकत नाही, एवढंच यातून सिद्ध होतं.

शेवटी लाकूडच बोलतं

सप्टेंबर १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या रशवर्थ्स दुकानातून जॉन आणि जॉर्जने दोन सारख्याच गिब्सन जे-१६०ई घेतल्या. पोकळ बॉडीची, पण पिकअप बसवलेली गिटार. त्यातली एक १९६३ च्या अखेरीस लंडनमधल्या ख्रिसमसच्या कार्यक्रमांच्या सुमारास नाहीशी झाली. पुढे साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये एकाने जुनी गिटार म्हणून ती विकत घेतली आणि वर्षानुवर्षं वाजवली. आपल्या हातात काय आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती! तपासणीत ७३१५७ हा नंबर जुळला, आणि जुन्या फोटोंशी लाकडावरच्या रेषाही. २०१५ मध्ये ती लिलावात २४ लाख डॉलरच्या वर गेली.

तुम्हीही हेच करा. दोन फोटो सारख्या आकारात शेजारी ठेवा आणि एखादी गाठ किंवा रेषेचं वळण धरून बघत जा. नंबर खोटा कोरता येतो, लाकडाच्या रेषा जुळवून आणणं महाकठीण.

गाणं ऐकून गिटार ओळखायच्या भानगडीत मी तरी पडत नाही. १९६८ मध्ये हॅरिसनच्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’मध्ये लूसी वाजली खरी, पण वाजवली बीटल्समध्ये नसलेल्या एरिक क्लॅप्टनने.

मालकांची साखळी

गिटार कोणाकडून कोणाकडे गेली याची वही ठेवा आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘कागद’, ‘फोटो’ किंवा ‘ऐकीव’ असं लिहा. पण ऐकीव म्हणून टाकून देऊ नका. पॉलचा १९६१ चा हॉफनर ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात गाडीतून चोरीला गेला. २०२३ मध्ये शोधकांनी लोकांना जाहीर आवाहन केलं आणि जुन्या आठवणी बाहेर पडल्या : चोराने तो एका पबमालकाला विकला होता. अखेर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराच्या पोटमाळ्यावर तो सापडला. पॉलकडे परत आल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

तुमच्या पाहण्यात अशी एखादी गिटार आलीच, तर पॉलिश करायला देऊ नका. गंजका स्क्रू, फाटकी केस, केसमधली जुनी पावती, सगळं आहे तसं ठेवा. आधी दिवसाच्या उजेडात पुढून-मागून फोटो काढा आणि मगच विकणाऱ्याशी भावाचं बोला.