प्श्चिना: अर्ध्या दिवसात राजवाडा, बाग आणि झुब्र

पोलंडमध्ये कातोवित्सेत असाल आणि अर्धा दिवस मोकळा मिळाला तर सरळ प्श्चिना या जवळच्या गावाला जा. बिएल्स्कोकडे जाणारी लोकल पकडायची, पाऊण तासाच्या आत उतरता, आणि स्टेशनवरून बाजारचौकापर्यंत, म्हणजे रिनेकपर्यंत, रमतगमत चालत जाता येतं, टॅक्सी अजिबात नको.

आधी राजवाडाच उरका, कारण तिकीटखिडकी लवकर बंद होते आणि वेळा सीझनप्रमाणे बदलतात, निघण्याआधी वेबसाइटवर बघून घ्या. आत गेल्यावर जॅकेट आणि सॅक 'शात्निया'त, म्हणजे सामान ठेवायच्या खोलीत द्यायची. आजचं रूप 1870 च्या दशकात देस्तायर नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने दिलेलं, मालक होखबर्ग घराणं. घाईत असाल तरी आरशांच्या दालनात थांबाच! समोरासमोर दोन प्रचंड आरसे, प्रत्येक साधारण 14 चौरस मीटरचा, मधे उभं राहिलं की झुंबर एकात एक असं लांबच लांब जात राहतं, मी तिथून हललेच नाही बराच वेळ. पुढे जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा राहायचा त्या खोल्या आहेत, पहिल्या महायुद्धात जर्मन सेनेचं मुख्यालय इथेच होतं आणि जानेवारी 1917 मध्ये पाणबुडी युद्धाला मोकळं रान द्यायचा, म्हणजे जहाजं इशारा न देता बुडवायचा, निर्णय याच वाड्यात झाला, त्यानंतर तीन महिन्यांत अमेरिका युद्धात उतरली. एवढ्या शांत गावात हे घडलं हे डोक्यात ठेवून त्या खोल्या बघा, वेगळंच वाटतं.

बाहेर आलात की रिनेकवर बाकावर प्रिन्सेस डेझीचा पुतळा बसलेला दिसेल, मूळची वेल्सची, 1891 मध्ये लग्न होऊन या घराण्यात आली. जेवण इथेच करा. व्हेज खाणाऱ्यांनी प्येरोगी रुस्क्ये मागवायचे, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, पण वर बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात म्हणून ऑर्डर देतानाच 'बेझ स्क्वार्कूव' म्हणा.

मग बाग. वाड्यामागे तळी, छोटे पूल, जुनी मोठी झाडं, बूट चांगले घाला कारण पावसाने वाटा ओल्या असतात. इथे वेळ वाचवू नका, पण पाय दुखायच्या आत झुब्रांच्या आवारात पोचा, त्याचं तिकीट वेगळं. झुब्र म्हणजे युरोपियन बायसन, राधानगरीचा गवा बघितला असेल त्याला हा बुटका आणि केसाळ वाटेल, मानेखाली तपकिरी लोकर लोंबत असते.

वाड्यात शिकारीची शिंगं भिंती भरून बघितलेली असतात ना, त्याच होखबर्ग घराण्याने 1865 मध्ये हरणांच्या बदल्यात ब्यावोव्येझाच्या जंगलातून 4 झुब्र आणले, शिकारीच्या हौसेपायीच. पहिल्या महायुद्धानंतर जंगलातले सगळे संपले, इथे मात्र हातावर मोजण्याइतके टिकले. आज जगात आहेत ते झुब्र जेमतेम 12 जनावरांचे वंशज, आणि त्यात प्श्चिनाच्या कळपाचं रक्त आहे. या कळपाच्या वंशातल्या वासरांची नावं आजही 'प्ल' ने सुरू होतात. आवारात नोंदी वाचताना ते 'प्ल' शोधा.