आधी सुकवा, मग चिकटवा, तेल शेवटी: बॅट दुरुस्तीतल्या या चुका टाळा

बॅटचं टोक फाटलं की एक हात फेविकॉलच्या डब्याकडे जातो आणि दुसरा तेलाच्या बाटलीकडे. वस्तू दोन्ही बरोबर, क्रम चुकतो. लाकूड ओलं असेल तर गोंद धरत नाही, आणि चिरेत तेल मुरलं असेल तरी धरत नाही. आठ दिवसांत परत उघडलेली बॅट तपासा, बहुतेक वेळा यातलंच एक कारण सापडतं.

ओल बाहेरून कळत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो. अथणीकडे त्याच दिवसांत हवा बरीच कोरडी असते. त्यामुळे ‘एक दिवस वाळवा’ हा सल्ला दोन्हीकडे सारखा चालत नाही. हाताला कोरडी लागणारी बॅट आतून ओली असू शकते.

खात्री करायची असेल तर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. बॅट तोलून आकडा कागदावर लिहून ठेवा. मग दोन पट्ट्यांवर आडवी, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा आणि दिवसाआड तोला. समजा पहिल्यांदा 1,190 ग्रॅम भरली, मग 1,176, मग 1,170 आणि पुढच्या वेळीही 1,170, तर आता ती चिकटवायला तयार आहे. आकडा उतरतोय तोवर गोंदाचा डबा उघडू नका.

घाई करून चुलीजवळ, तापलेल्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत वाळवलेली बॅट हमखास चिरते. वरचा थर झपाट्यानं आकसतो, आतला फुगलेलाच राहतो, आणि पात्यावर उभ्या रेघा पडतात. या भागात दुरुस्तीला चांगला मुहूर्त म्हणजे खंडेनवमीनंतरचा. पाऊस सरलेला असतो आणि टेनिस बॉलच्या टुर्नामेंटना वेळ असतो. पूजेत मांडलेल्या बॅटला हळद-कुंकू खुशाल लावा, पाणी शिंपडू नका.

चीर भरताना

चीर बाहेरून बुजवणं ही सगळ्यात मोठी चूक. वर गोंदाची पापडी बसते, आत पोकळी राहते, आणि पहिल्याच यॉर्करला पापडी उडते. जुन्या टूथब्रशनं आतली तांबडी माती काढा. ब्लेडचं पातं किंवा पातळ सुरी घालून चीर अलगद उघडी धरा, तिची लांबी वाढता कामा नये. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणून जाड सुईनं गोंद तळापर्यंत सोडा. बॅटला पाणी लागणारच, म्हणून पाण्याला टिकणारा मरीन प्रकारचा लाकडी गोंद घ्या. चीर दोन-तीनदा दाबून सोडली की गोंद आत शोषला जातो. मग दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून शिकंजा आवळा. कडेनं गोंदाचे बारीक मणी उमटले की थांबा. त्यापुढे आवळत गेलात तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. मणी लगेच ओलसर फडक्यानं पुसा. कोरड्या हवेत 24 तास, पावसाळ्यात 48.

फेविक्विक केसाएवढ्या रेघेला चालतं. रुंद चिरेत ते काचेसारखं कडक होतं आणि चेंडूच्या दणक्यानं तडकतं.

खिळा तर नकोच. बॅटचं विलो लाकूड मऊ असतं, खिळा दोन तंतूंमध्ये पाचरीसारखा शिरतो आणि चीर पुढे सरकवतो. टोक आरपार फाटलं असेल तर गोंद वाळल्यावर आडवं 4 मिमीचं भोक पाडून त्यात गोंद लावलेली बांबूची गोल काडी बसवा. वरून फायबरची टेप लावा. नियमांप्रमाणे पात्यावर दुरुस्तीसाठी लावलेल्या थराची जाडी 1 मिमीपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे टेपवर टेप चढवत बसू नका.

दांडा हलतोय, पण कुठून?

न तपासता वरून गोंद ओतण्यात अर्थ नाही. ग्रिप उलटी गुंडाळून काढा, बॅट मांडीवर आडवी धरा आणि दांडा हळूच वाकवा. करकर बॅटच्या खांद्यापाशी होत असेल आणि ‘व्ही’ची रेघ (दांड्याची पाचर पात्यात शिरते तिथली) उघडझाप करत असेल, तर सांधा सुटलाय. आवाज मुठीकडून आला तर आतल्या वेताच्या पट्ट्या सुटल्यात. तिथे दोरा उलगडून, पट्ट्यांमध्ये गोंद सोडून, पुन्हा दोरा गुंडाळला की बहुतेक वेळा भागतं.

सांधा पूर्ण सुटला असेल तर दांडा उपसून जुना गोंद पटाशीनं खरवडा. दोन्हीकडे स्वच्छ लाकूड दिसलं पाहिजे, कारण जुन्या गोंदावर नवा नीट धरत नाही. आता दांड्याच्या पाचरीला खडू चोळून कोरडाच बसवा आणि काढा. खाचेत खडू जिथे उमटला तिथे लाकूड टेकतंय, बाकी ठिकाणी फट आहे. टेकलेला भाग कानशीनं थोडा थोडा उतरवा आणि खडू सगळीकडे सारखा उमटेपर्यंत परत परत बसवून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दांडा टिकतो तो इथेच. फट अर्ध्या सुताहून (साधारण दीड मिमी) जास्त असेल तर भुसा-गोंद कालवून भरू नका. तो भरावा चेंडूचा मार सोसत नाही, नवा दांडाच लागतो.

नवा दांडा म्हणून बांबू किंवा सागाची काठी ठोकलेल्या बॅटी गल्लोगल्ली दिसतात. चेंडू लागला की हात झिणझिणतात. वेताच्या तुकड्यांमध्ये रबराच्या किंवा कॉर्कच्या पट्ट्या असतात त्या हा दणका गिळण्यासाठीच. बसवताना दांड्याचा मध्य आणि टोकाचा मध्य एका दोरीत आणा. बाजूनं पाहिलं तर दांडा किंचित पुढे कललेला दिसतो. तो कल मुद्दाम दिलेला असतो, सरळ करू नका.

दोऱ्यासाठी बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरचं सूत हाताशी असलं तरी ते बारीक पडतं. चपला शिवायला वापरतात तसा मेणाचा जाड दोरा घ्या. एकानं दोरा ताणून धरावा, दुसऱ्यानं बॅट फिरवावी, फेऱ्याला फेरा चिकटून.

तेल आणि चिंध्या

जवसाचं कच्चं तेल, तेही एका वेळी एक चमचा. पुढची बाजू, कडा आणि टोक यांवर पातळ हात, मग 24 तास आडवी ठेवून दुसरा हात. नवीन बॅटला दोन-तीन हात पुरे. ‘व्ही’च्या सांध्याला तेल लागू देऊ नका, तिथला गोंद ढिला पडतो. बॅटच्या पुढच्या बाजूवर पारदर्शक शीट असेल तर तिच्यावर तेल चोळणं वाया जातं. खोबरेल आणि शेंगतेल वाळत नाही, नुसतं मुरून बॅट जड करतं.

तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी उलगडून मोकळ्या हवेत वाळत टाका.

घासणं आणि ठोकणं

डाग काढायला ग्राइंडरवर पॉलिश पेपर लावू नका. पात्याचा वरचा थर कारखान्यात दाबून घट्ट केलेला असतो. तो उडाला की खाली भुसभुशीत लाकूड उरतं. हातानं, बारीक पेपरनं, तंतूंच्या दिशेनं दोन-चार हात बस.

लेदर बॉलसाठी दुरुस्त केलेली बॅट परत ठोकावी लागते. मोगरीनं (लाकडी हातोडीनं) हळू सुरुवात करून जोर वाढवत न्या; नव्या बॅटला एकूण सहा तासांच्या आसपास लागतात, दुरुस्तीनंतर तेवढ्या भागापुरतं ठोकलं तरी चालतं. कडांवर तिरका ठोका द्या, 45 अंशांत. कडेवर काटकोनात किंवा टोकावर खालून मारू नका. मग जुना चेंडू घेऊन हलके कॅच द्या. पात्यावर शिवणीचे वळ खोल उठले, तर परत मोगरी.